शालीखालची दोन बोटं

सत्काराच्या मंचावरून मी भाषण चालू असताना उठून खाली आलो, ते मला चक्कर आली म्हणून, असं आमच्या पोरांनी नंतर लोकांना सांगितलं. मला चक्कर-बिक्कर काही आली नव्हती. बीडच्या त्या सभागृहात पंखे व्यवस्थित चालू होते आणि मी सकाळी भाकरी खाऊन गेलो होतो. सत्कार भगवानचा होता. राज्याच्या बास्केटबॉल संघाचा कित्येक वर्षं कर्णधार राहिलेला, देशाकडून खेळून आलेला आणि आता निवृत्त होऊन गुडघे चोळत बसणारा आमचा भगा. माइकसमोर खेळाच्या संघटनेचे अध्यक्ष होते. ते म्हणाले, "भगवानरावांनी स्वतः फार बास्केट केले नसतील, पण बास्केट करणारी माणसं घडवली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्याच संघात त्याच्याच हातून चेंडू घेऊन गुण करणाऱ्याला राज्याचा मोठा पुरस्कार मिळाला, त्याच्या नावानं स्टेडियमचं दार उभं राहिलं आणि भगाला काय, तर शाल, नारळ आणि 'नेतृत्व' हा शब्द.

हा शब्द मला लागतो. माझं ट्रॅक्टरच्या अवजारांचं दुकान आहे. तिथं पेपर वाचणारी मंडळी बसतात आणि वाद घालतात. एक जण म्हणतो, भगवानची किंमत झाली नाही, कारण तो नेता होता, नेत्याचं काम कागदावर दिसत नाही. दुसरा म्हणतो, "आण्णा, नेता असंल हो, पन पॉइंट दाखवा की." आणि दोघंही मान डोलावतात, जणू वाद मिटला. मला दोघांचाही संताप येतो. पहिल्याचा जास्त. कारण तो भगाची बाजू घेतोय असं त्याला वाटतं आणि त्या नादात भगाच्या खेळावर तोच माती लोटतो. ज्याला सगळे 'चांगला कप्तान' म्हणतात, त्याला कोणी 'चांगला खेळाडू' म्हणत नाही, हे मी चाळीस वर्षं पाहतोय. हे असं का झालं, ते जिवंत माणसांपैकी दोघांनाच ठाऊक आहे. एक भगा. तो बोलणार नाही. म्हणून मला लिहावं लागतंय.

आमचं घर उमापूरला. बैलांच्या साजाचा धंदा. घुंगरमाळा, कासरे, वेसणी, झुली, शिंगांना लावायचा रंग. दुकान असं नव्हतंच. घराच्या पुढच्या सोप्यात माल, आणि बाजाराच्या दिवशी तो गाठोड्यात बांधून जमिनीवर पथारी. आमच्या घरात कायम काहीतरी किणकिणत असायचं. आप्पा घुंगरं कानाजवळ नेऊन एकेक वाजवायचे, आवाज जुळलेली बाजूला ठेवायचे आणि बेसूर निघालेलं घुंगरू टोपलीत फेकायचे. माय म्हणायची, ह्यांचं लिंगपूजेत जेवढं ध्यान न्हाई तेवढं घुंगरात हाय. सकाळी आप्पांची पूजा होऊन कपाळाला विभूती लागेपर्यंत घरात कोणाच्या ताटात भाकरी पडत नसे. तेवढा वेळ आम्ही पोरं सोप्यात बसून अंबाडीचे दोर वळायचो, आणि चुलीवरच्या येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा वास नाकात घुसायचा. आजही सुनेनं येसराचा डबा उघडला की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो.

भगा आमच्याकडे आधी दिवाळीनंतर यायचा आणि साखर कारखाने बंद होईस्तोवर राहायचा; पुढं तर बारमाहीच. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. बैलगाडी घेऊन जाणारी टोळी. जाताना बैलांना आमच्याकडून घुंगरं घ्यायची, आणि एका वर्षी भगाच्या बापानं घुंगरांबरोबर पोरगंच आमच्या सोप्यात ठेवलं. "शाळंत हुशार हाय म्हनतेत. ऱ्हाऊ द्या आप्पा, दोर वळंल तुमचं." आप्पा म्हणाले, "दोर वळायला माझं एक हाय की. हे जेवायला ऱ्हाऊ दे." असा तो आला. लांब हात, काटकुळा, बोलायला कमी. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, म्हणून माय मला त्याच्यासमोर नेहमी पाणउतारा करून दाखवायची, की बघ, भगवानाला कळतं. पंगतीला तो भाकरी मोडायचा आणि मोठा अर्धा भाग शेजारच्याच्या ताटात सरकवायचा. मायच्या ते डोळ्यांत यायचं. एकदा तिनं त्याच्या हातातला तुकडा धरला. "भगवाना, तुला भूक न्हाई का रं?"

"हाय की माय."

"मंग खा. रोज वाढनाऱ्याला लोक इचारीतच न्हाईत जेवला का म्हनून."

तो हसला आणि खाल्लं. त्याला भूक लई होती. हे मी मुद्दाम लिहितोय. त्याला भूक नव्हती म्हणून तो वाटत होता, असं कोणी समजू नये.

बैलबाजारात आप्पा माल विकायचेच, शिवाय सौदे जुळवून द्यायचे. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि मधला माणूस उपरण्याखाली हात धरायचे. एक बोट दाबलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसं उभी, पण कोणाला काय बोली झाली ते कळत नाही. चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मी आणि भगा हे शिकलो आप्पांच्या बाजूला बसून. मला त्यात भाव पाडायची मजा वाटायची. भगाला दुसरीच वाटायची. तो म्हणायचा, "मन्या, गर्दीत बी एकाच मान्साला सांगता येतंय बघ." मन्मथचं मन्या.

त्याच बाजारातली एक गोष्ट आप्पा नेहमी सांगायचे. त्यांनी तरुणपणी एकाचा बैल विकून दिला. बैल चपळ होता, शर्यतीला पळेल असा. पण गिऱ्हाईक घाबरट निघालं, बैल मारका आहे का म्हणून विचारत बसलं. आप्पांनी सौदा मोडू नये म्हणून सांगितलं, "अगदी गरीब हाय. पोरानं धरला तरी चालंल." बैल गरीब होताच, ते खोटं नव्हतं. पण घेणाऱ्यानं त्याला तेलाच्या घाण्याला जुंपलं. गरीब बैल म्हणून. पुढं तीन-चार वर्षांनी आप्पा त्या गावाला गेले तर तो गोल गोल फिरत होता, डोळ्याला झापड. आप्पा आम्हाला म्हणायचे, "इकताना जनावराचा एकच गुन सांगू नये. घेनारा त्याच गुनाला जुंपतोय त्याला, मरस्तवर." मी हे दहादा ऐकलं असेल. कानानं ऐकलं.

बास्केटबॉल आमच्या शाळेत आणला जाधव सरांनी. त्याआधी आम्ही कबड्डीवाले. सरांनी पाण्याच्या जुन्या पायपाचे दोन खांब उभे केले, शाळेच्या बाकाच्या फळ्या ठोकल्या आणि कडी वळायला लोहाराकडे दिली. कडीचं माप कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद लोहाराच्या भट्टीत जळाला. त्यानं विचारलं, काय टाकायचं हाय त्यातून? आम्ही म्हणालो, चेंडू. तो म्हणाला, केवढा? भगानं हातानं दाखवला. लोहारानं घमेलं उचललं, त्याच्या बुडावरून कडी वळली आणि दिली. खऱ्या कडीपेक्षा ती चांगली चार बोटं लहान भरली, हे आम्हाला दोन वर्षांनी बीडला गेल्यावर कळलं. तोवर आम्ही त्या घमेल्याएवढ्या कडीतच चेंडू टाकत होतो. चेंडूही एकच. उसवला की चांभाराकडून ठिगळ लावून आणायचो, त्यामुळे तो पडायचा एकीकडे आणि उसळायचा भलतीकडे. बनियनवर नंबर टाकले ते आमच्याच दुकानातल्या शिंगांच्या लाल रंगानं. घाम आला की नंबर ओघळून पोटावर यायचा, आणि माय चुलीपासून ओरडायची, "कुनाचं मुडदं पाडून आलात रं?"

भगा पहाटे उठायचा आणि अंधुक उजेडात कडीखाली जायचा. शंभर चेंडू पडल्याशिवाय परत येत नसे. मारले किती ते नाही, पडले किती ते मोजायचा. मी अंथरुणात पडून ऐकायचो. ठिगळाचा चेंडू जमिनीवर दोनदा आपटायचा, मग शांतता, मग लोखंडाला न लागता खाली आल्याचा नुसता थप्प. माझा चेंडू कडीला लागून, फिरून, नशिबानं आत जायचा. त्याचा कडीला शिवायचाच नाही. मी राज्यभरातले सामने पुढं पाहिले, मोठमोठे गडी पाहिले. त्या घमेल्यात भगासारखा चेंडू टाकणारा मला दिसला नाही. हे वाक्य एकाही सत्कारात कोणी बोललेलं नाही.

कप्तान सरांनी त्याला केला, कारण बाकी चौघांत माझं डोकं सारखं तापायचं आणि उरलेल्या तिघांना सुचायचं नाही. त्यानं पहिल्या महिन्यातच बाजारातली रीत संघात आणली. आप्पांचं जुनं उपरणं घ्यायचं, खेळ थांबला की पाचही जण त्याच्याखाली हात घालायचे. भगा प्रत्येकाचा हात आळीपाळीनं धरायचा. एक बोट दाबलं म्हणजे तू मार. दोन बोटं धरली म्हणजे चेंडू मला परत दे. मूठ आवळली म्हणजे थांब, चेंडू धरून ठेव. एवढीच भाषा. एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याला कळत नसे. दुसऱ्या शाळांची पोरं हसायची. "बैलं इकाया आलात का बे?" भगा म्हणायचा, "हसू दे. भाव कळला का त्यास्नी?"

अशा संघानिशी आम्ही दोन वर्षांनी बीडच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. खरी कडी बघितल्यावर आम्हाला ती विहिरीसारखी वाटली. पण त्या सामन्यात नुसता चषक नव्हता. वरून एक निवडसमितीचे साहेब येणार होते, आणि आमच्या जिल्ह्यातून एका मुलाला सरकारी क्रीडा वसतिगृहात घेणार होते. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिथं. एकच जागा. मला ती हवी होती, खोटं कशाला बोलू. पण माझ्यासाठी ती हौस होती. भगाच्या बापानं निरोप धाडला होता की आता पोरगं सोळाचं झालं, त्याची आई कमरेनं गेली, तर या हंगामापासून तो कोयता धरंल. टोळी चार दिवसांनी निघणार होती. भगानं हे मला सोप्यात दोर वळता वळता सांगितलं होतं, वर न बघता.

"मंग तू रडत कावून न्हाईस?" मी विचारलं होतं.

"रडून काय, जागा भेटंल का? आदी बीडला जाऊन खेळू."

अंतिम सामन्यात तो खेळला तो मी आजही चेंडूमागून चेंडू सांगू शकतो. पहिल्या अर्ध्यात त्यांच्या दोन उंच पोरांनी त्याला घेरलं. भगानं पाहिलं की आपल्यावर दोघं आहेत म्हणजे आपल्यातला कोणीतरी मोकळा आहे, आणि त्यानं मोकळ्या गड्याला देणं चालू केलं. मोकळा गडी बहुतेक वेळा मी. उपरण्याखाली माझ्या हाताला दरवेळी एक बोट. तू मार. मी मारत गेलो. शेवटी बघितलं तर कागदावर माझ्या नावापुढं वीस गुण आणि त्याच्या नावापुढं आठ. टेबलाजवळ ते साहेब मांडीवर कागद ठेवून बसले होते. त्यांची नजर बहुतेक कागदावरच होती. दोन मजूर एकाच भिंतीवर काम करत असताना वरच्या विटाच मोजाव्यात, खालून विटा फेकणारा बघूच नये, तसा प्रकार.

शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. सरांनी खेळ थांबवला. उपरणं पडलं. गर्दी ओरडत होती, माझ्या बनियनवरचा सात नंबर ओघळून पार कमरेत आला होता. भगानं माझा हात धरला. मी एका बोटाची वाट बघत होतो. त्यानं दोन बोटं धरली. नीट, घट्ट, आणि एकदा सोडून पुन्हा धरली, म्हणजे चूक नको. चेंडू मला परत दे. शेवटचा मी मारणार.

त्यानं रेषेबाहेरून चेंडू माझ्याकडे टाकला आणि धावत आत शिरला, कडीच्या डाव्या बाजूला, पहाटे जिथं उभा राहायचा बरोबर तिथं. मोकळा. दोन्ही हात छातीशी, चेंडू घ्यायला तयार. मी त्याला पाहिलं. मी पाहिलं नाही असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. मी पाहिलं, आणि मी स्वतः मारला. चेंडू कडीला आपटला, वर उडाला, कडीवर एक फेरा मारला आणि आत पडला. शिट्टी झाली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून मला भगा दिसला. तो अजून तिथंच उभा होता, हात हळूहळू खाली घेत.

साहेबांनी जागेवरच नाव वाचलं. माझं.

त्या रात्री बीडमधल्याच एका शाळेच्या वर्गात आम्ही झोपलो, म्हणजे मी झोपलो नाही. भगा माझ्या शेजारी होता. तो काही बोलला असता, आईवरून शिवी दिली असती, तर मी उठून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तो नुसता म्हणाला, "चेंडू पडला ते बरं झालं बे. न्हाईतर सरांनी सोलला असता तुला." आणि कूस बदलली. भांडायची सोयसुद्धा ज्यानं मला ठेवली नाही, त्या माणसाचा मला त्या वेळी इतका राग आला, आणि ती जागा इतकी नकोशी झाली, की पहाटे मी सरांना विचारलं, साहेब कोणत्या रस्त्यानं जाणार. मांजरसुंब्याला चहा घेऊन पुढं जातील, म्हणाले. मी पहिली एसटी धरली.

मांजरसुंब्याच्या चौकातल्या हॉटेलात साहेब भजी खात होते. बाहेर ट्रकवाले टायरवर हातोडी मारून बघत होते, आत कढईचा चरचराट. मी त्यांच्या टेबलाला जाऊन उभा राहिलो.

"साहेब, मी येत न्हाई. भगवानला घ्या."

त्यांनी भजं खाली ठेवलं. "का रे? घरचे नको म्हणतात?"

"मीच न्हाई म्हनतो."

"मग यादीतला दुसरा मुलगा घेऊ. तुमचा कॅप्टन त्याच्याही खाली आहे. आठ गुण केलेत त्यानं. वर काय सांगू मी?"

इथं मी पहिल्यांदा आयुष्यात मोठ्या माणसाशी सौदा केला. मी म्हणालो, "साहेब, खळ्यावर मळनी बघितली का? मधल्या खांबाला लागून एक बैल असतो. त्यो जागच्या जागी फिरतोय असं वाटतंय. कडंचा बैल पळतोय, समदे त्यालाच बघतेत. पन मधल्यानं पाय चुकवला तर कडंचा बैल शेजारच्या ज्वारीत जाऊन पडंल."

"हा काय बैलबाजार आहे का रे?"

"बैलबाजारात जनावर चालवून बघतेत साहेब. तुमी कागद बघून घेतला."

त्यांचे कान लाल झाले. शेजारचा ट्रकवाला हसला. मला वाटलं, संपलं. पण मी आप्पांचा मुलगा होतो. सौदा अडला की उठून चालू लागायचं, तिसऱ्या पावलाला हाक येते. मी "राम राम" म्हणून वळलो. तिसऱ्या पावलाला आली नाही. पाचव्याला आली.

"ए पोरा. शेवटचा चेंडू तुला कोणी दिला?"

आता थांबा. हा तो क्षण. साहेबांनी मला खरं सांगायची आयती संधी दिली होती. एक वाक्य पुरलं असतं: साहेब, तो चेंडू त्यानं स्वतःसाठी मागितला होता, मी दिला नाही, त्याला मैदानात न्या, दहा चेंडू मारायला लावा, दहा पडतील. साहेबांकडे जीप होती. बीड मागं जेमतेम अर्ध्या तासावर होतं. माल खरा होता, दाखवून विकता आला असता. पण तसं केलं की माझी चोरी उघडी पडत होती.

"त्यानंच दिला साहेब," मी म्हणालो. "सोता मोकळा होता तरी मला दिला. म्हनला, तू मार. असा कप्तान हाय त्यो."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. माझ्या नावावर रेघ मारली, भगाचं नाव लिहिलं आणि त्यापुढच्या रकान्यात एक शब्द लिहिला. मी उलटा वाचला. नेतृत्वगुण.

मी उमापूरला पोचलो तेव्हा भगा सोप्यात दोर वळत होता आणि त्याचा बाप आप्पांशी बोलत बसला होता, बाहेर बैल सोडलेले. मी सांगितलं. माय देवळीतला गुळाचा खडा घेऊन धावली. भगाच्या बापाला ते नीट कळेना, तो दोनदा विचारत होता, "म्हंजी जेवन बी तेच देनार?" मग तो उठून बैलांकडे गेला आणि बराच वेळ त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. भगानं मला बाजूला घेतलं.

"काय सांगितलंस त्यास्नी?"

"तू कप्तान कसा हायस ते."

"आन् शेवटचा चेंडू?"

"तू मला दिलास म्हनून सांगितलं."

हातातला दोर त्यानं उलगडला आणि पुन्हा वळला. "बरं," म्हणाला. तेवढंच. ठरल्या दिवशी टोळी त्याच्याशिवाय गेली. मी पुढं एकदाही संघाचा बनियन घातला नाही. गावानं मला मित्रासाठी जागा सोडणारा म्हणून डोक्यावर घेतलं. ते श्रेयही मी खाल्लं, आणि ढेकर दिला.

वसतिगृहात कागदावर लिहिलं होतं म्हणून त्याला पहिल्याच वर्षी कप्तान केला. पुढच्या संघानं मागच्या संघाकडे बघून केला. जिथं जाईल तिथं त्याला सांगायचे, भगवान, तू खेळ रच, मारायला आमच्याकडे गडी आहेत. तो रचत गेला. लग्नानंतर एकदा घरी आला होता. माय तेव्हा होती. तिनं धपाटे केले, त्यानं अजून सवयीनं मोठा अर्धा माझ्या ताटात टाकला. जेवून आम्ही शाळेकडे गेलो. खांब गंजले होते, घमेल्याची कडी तशीच. त्यानं पोरांकडून चेंडू घेतला, तीन मारले, तिन्ही कडीला न शिवता पडले. मग म्हणाला, "मन्या, मला कोनी मार म्हनतच न्हाई बे." हसत म्हणाला. मी दुसरा विषय काढला.

आता त्या दिवशीच्या सभागृहाकडे येतो. अध्यक्षांनी बास्केट कमी केल्याचं बोलून झाल्यावर गोष्ट सुरू केली. कोणती, ते तुम्ही ओळखलंच असेल. "अवघा सोळा वर्षांचा मुलगा, अंतिम क्षण, स्वतः मोकळा असताना चेंडू मित्राला देतो! याला म्हणतात नेतृत्व! आणि तो मित्र आज इथं बसला आहे!" टाळ्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट मी अनेक वर्षं अनेक तोंडांतून ऐकली आहे, पेपरात वाचली आहे, आणि दरवेळी मी मान डोलावली आहे. भगा शेजारच्या खुर्चीत बसला होता, अंगावर नवी शाल. तिचं टोक माझ्या मांडीवर आलं होतं. तो समोर बघत होता, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. आणि शालीखालून त्याचा हात आला. त्यानं माझी दोन बोटं धरली. घट्ट. एकदा सोडली आणि पुन्हा धरली.

मी उठलो ते तेव्हा. माइक चार पावलांवर होता. मी मंचावरून उतरण्याच्या बाजूला गेलो. तिसऱ्या पावलाला हाक आली नाही, पाचव्यालाही नाही. भाषण चालूच राहिलं.

घरी येऊन मी दोन दिवस सगळ्यांवर ओरडलो. अध्यक्षावर, पुरस्कारवाल्यांवर, दुकानातल्या पेपर वाचणाऱ्यांवर, सुनेच्या हातच्या आमटीवर. तिसऱ्या दिवशी कागद घेतला. हे लिहिलेलं छापून यायच्या आधी मी त्याची एक प्रत त्या अध्यक्षांना धाडणार आहे, आणि दुसरी दुकानात भिंतीला चिकटवणार आहे. पुढच्या सत्कारात ती गोष्ट सांगायचीच असेल तर अशी सांगा: भगवाननं शेवटचा चेंडू कोणाला दिला नव्हता. तो त्यानं स्वतःसाठी मागितला होता, कारण तो पडणार हे त्याला माहीत होतं. मी दिला नाही.